वापरातली नाणी ठेवायची कशात? वाचकांचे प्रश्न

नागपूर परिसरातून आलेल्या या वेळच्या पत्रांत दुर्मीळ नाण्यांबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. घरात साठलेली, हातोहात फिरून झिजलेली साधी नाणी कमी पैशांत कशी सांभाळायची, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यातले सहा निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आजोबांची आणि माझी मिळून बाराशेच्या आसपास नाणी आहेत. भोकाचा पैसा, चवल्या-पावल्यांपासून आताच्या दहाच्या नाण्यापर्यंत. सगळी संत्रा बर्फीच्या पत्र्याच्या डब्यात एकत्र पडली आहेत. दुकानदार अल्बम दाखवतात, नाहीतर प्रत्येक नाण्याला कॅप्सूल (एकेका नाण्याची प्लास्टिकची डबी) घ्या म्हणतात. माझी तयारी दीड हजाराची आहे. काय घेऊ? – एक वाचक, महाल

उत्तर : कॅप्सूलचं मनातून काढून टाका. घासून गुळगुळीत झालेल्या रुपयाला वीस-पंचवीस रुपयांची कॅप्सूल म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अल्बमचीही घाई नको. तांबे-निकेलचा जुना रुपया ६ ग्रॅमचा आहे. एका पानात असे वीस बसले की पान सव्वाशे ग्रॅमचं होतं. अशी पंधरा-वीस पानं रिंगला लटकली की रिंगची तोंडं फाकतात, भोकं फाटतात आणि खालच्या खिशांतली नाणी एकमेकांवर घासतात. अल्बम दाखवायला छान, पण साठवणीला तुमच्या खर्चात बसत नाही.

आधी डबा रिकामा करा आणि धातूप्रमाणे ढीग लावा. साधं लोहचुंबक पुरतं. शुद्ध निकेलची नाणी (१९५७ ते १९७१च्या दरम्यानचे २५ आणि ५० पैसे) आणि पोलादी नाणी (१९८८पासूनचे १०, २५ आणि ५० पैसे, १९९२पासूनचा रुपया) चिकटतात. ब्राँझ, तांबे-निकेल, पितळी छटेची नाणी आणि ॲल्युमिनियम चिकटत नाहीत. १९६४-६५नंतरचे एक, दोन, तीन पैसे, १९६७पासूनचे पाच पैसे आणि पुढचे दहा-वीस पैसे ॲल्युमिनियमचे आहेत. ती हाताला हलकी लागतात आणि लगेच वेगळी काढता येतात. ॲल्युमिनियमचा ढीग कायमचा वेगळा ठेवायचा. दमट हवेत ते तांब्याला किंवा निकेलला टेकून राहिलं तर झीज ॲल्युमिनियमचीच होते. पांढरी पूड धरते, तिच्याखाली खड्डे पडतात आणि ते भरून येत नाहीत.

आता प्रत्येक ढिगातून वर्ष आणि टाकसाळीची खूण बघून एकेक सर्वांत चांगलं नाणं निवडा. बाराशेंतून अशी अडीचशे-तीनशे निघतील, बाकीची दुबार. पैसा या तीनशेंवर घाला. यांना पारदर्शक खिडकीचे दोन इंची पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. एकामागे दोन-तीन रुपये पडतात. चिकटपट्टीचे मिळतात तसे स्टेपल मारायचेही मिळतात. नागपुरात स्टेपलचेच घ्या. इथल्या उन्हाळ्यात घरातलं कपाटही चांगलंच तापतं आणि स्वस्त चिकटपट्टीचा गोंद मऊ होऊन खिडकीकडे सरकतो.

खिडकीचं माप नाण्यापेक्षा थोडं मोठं हवं. १६ मिमीच्या पोलादी दहा पैशाला १७.५ची, २५ पैशाला २०ची, २३ मिमीच्या पाच रुपयांना २५ची, २६ मिमीच्या तांबे-निकेलच्या रुपयाला आणि २७ मिमीच्या दहाच्या नाण्याला २७.५ची, राजाछाप चांदीच्या रुपयाला ३२.५ची. चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे यांचं माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत घ्या. बाजू मोजून होल्डर आणले की कोपरे खिडकीच्या फिल्मला भोक पाडतात.

होल्डर भरण्यातही एक रीत आहे. आधी पेन्सिलीनं लिहून घ्या. नाणं आत असताना वर जोर देऊन लिहिलं तर त्याचा वळ फिल्मवर उठतो. खिडकीवर पुठ्ठ्याची धूळ असते, ती फुंकरीच्या रबरी फुग्यानं उडवा. तोंडानं फुंकलं की थुंकीचे बारीक थेंब जातात आणि काही महिन्यांनी तांब्यावर काळे ठिपके दिसू लागतात. नाणं कडेनं धरून मधोमध ठेवा, घडी घाला, दुमडलेली बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना एकेक स्टेपल कडेला समांतर मारा. मग चपट्या पकडीनं प्रत्येक स्टेपलची मागची बाजू दाबून सपाट करा. ही पायरी आळसानं बहुतेक जण गाळतात आणि मग उभ्या ओळीत एका होल्डरच्या स्टेपलचं टोक शेजारच्या होल्डरची खिडकी ओरबाडतं. नाणं बाहेर काढताना तर तिन्ही स्टेपल पूर्ण उपटल्याशिवाय पुठ्ठा उघडूच नका. होल्डरमधल्या नाण्यांवर जे ताजे ओरखडे दिसतात ते बहुधा नाणं काढतानाचे असतात.

होल्डर उभे ठेवायला घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा किचनचा डबा घ्या. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा बघा. ते पॉलिप्रॉपिलीन, नाण्यांना निर्धोक. २ आणि ४ही चालतात. ३ म्हणजे पीव्हीसी, तो नको, कारण पुढच्या उत्तरात आहे. डबा आतून मोजा : दोन ओळींना ११ सेंमी रुंदी, तीन ओळींना १६ सेंमी, उंची साडेपाचच्या वर. २० सेंमी लांबीच्या एका ओळीत स्टेपल मारलेले ऐंशीएक होल्डर बसतात. जुने जाड, ९ ग्रॅमचे पाच रुपये जास्त असतील तर कमी.

दुबार नाण्यांना साध्या पॉलिथिनच्या झिपच्या पिशव्या पुरेत. पोलादी नाणी पन्नास-पन्नास एका पिशवीत टाकली तरी बिघडत नाही, ती आधीच आयुष्यभर एकमेकांवर आपटलेली आहेत. ब्राँझ आणि चांदीला मात्र एका पिशवीत एकच. काही जण इलेक्ट्रिशियनचा पांढरा पाइप कापून त्यात नाणी रचतात. तो पीव्हीसीच असतो, तेव्हा ही हुशारी नको.

रुपयांत हिशेब साधारण असा : होल्डर आठशे, दोन डबे तीनशे, दमटपणा ओढून घेणारं सिलिका जेल दीडशे, पिशव्या शंभर. उरलेल्या पैशांत दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र येतं. भाव दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील. बर्फीचा डबा बर्फीलाच परत द्या. आतला पत्रा गंजला की तो गंज नाण्यांना लागतो.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी रस्त्यावरून स्वस्त अल्बम घेतला. आता नाण्यांवर हिरवट, चिकट थर आला आहे. तांब्याच्या पैशांवर जास्त, ॲल्युमिनियमवर अजिबात नाही. हे काय आहे आणि निघेल का? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : अल्बमची पानं मऊ पीव्हीसीची आहेत. पीव्हीसी मुळात कडक. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, तेच हळूहळू बाहेर झिरपतं. शिवाय प्लास्टिक जुनं होताना अगदी थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते तांब्याशी संयोग करून हिरवा थर धरतं. म्हणून तांबं, ब्राँझ आणि तांबे-निकेल आधी सापडतं. ऊन जितकं जास्त तितकं हे सगळं लवकर.

नवं पान घेण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली वास : नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला की ठेवून द्या. दुसरी आवाज : पॉलिएस्टरची फिल्म कागदासारखी कुरकुरते, मऊ पीव्हीसी मुका असतो आणि बोटाला चिकटतो. तिसरी पाण्याची चाचणी : तुकड्याला भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा थेंब लावून पाण्यात बुडवा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन वर येतात, पीव्हीसी तळाशी जातं. पण पॉलिएस्टरही बुडतं, त्यामुळे बुडालेला तुकडा लगेच दोषी धरू नका.

पक्का निकाल तांब्याच्या तारेनं लागतो. जुन्या वायरमधली दोन-तीन इंच तार सोलून पकडीत धरा. गॅसच्या निळ्या ज्योतीत ती लाल होईपर्यंत आणि ज्योतीतला हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत तापवा. तापलेलं टोक प्लास्टिकला टेकवा, म्हणजे कणभर प्लास्टिक वितळून तारेला लागेल. ते टोक पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत झळकन हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. खिडक्या उघड्या ठेवा, तुकडा नखाएवढाच घ्या आणि धूर हुंगू नका.

आता साफसफाई. शुद्ध ॲसिटोन लागेल. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात पाणी, तेल आणि सुगंध असतो. काचेची वाटी घ्या, प्लास्टिकची अनेक भांडी ॲसिटोनमध्ये विरघळतात. हे काम गच्चीवर किंवा बाल्कनीत करा, स्वयंपाकघरात मुळीच नको. ॲसिटोनची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ज्योतीनंही पेटते. नाणी सुटी सुटी बुडवून वर काच झाका, पंधरा-वीस मिनिटांनी ताज्या ॲसिटोनमध्ये घाला. वाटीतलं द्रव हिरवट होणं थांबेपर्यंत हे करायचं. घासायचं नाही. बाहेर काढून स्वच्छ सुती कापडावर ठेवलं की मिनिटभरात आपोआप सुकतात. ॲसिटोन धातूला काही करत नाही, फक्त चिकट थर विरघळवतं. थराखाली धातू खाल्ला गेला असेल तर तो डाग राहणारच, आणि तो राहू द्यावा.

चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर यांचा विचारही नको. अशानं नाणं चकचकीत होतं खरं, पण वरचा थर कायमचा जातो आणि जाणकार गिऱ्हाईक ते दुरूनच ओळखतं.

अल्बमचं कव्हर ठेवा, पानं फेका.

प्रश्न : पावसाळ्यात काळजी घ्या असं सगळे सांगतात. पण माझ्या नाण्यांवरचे डाग दरवर्षी जूनच्या सुरुवातीलाच, पाऊस यायच्या आधी दिसतात. असं का? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमच्याकडे कूलर आहे, हे पत्रात लिहिलेलं नसलं तरी उघड आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर हवा कोरडीठाक असते, पण कूलर ओल्या ताट्यांतून तीच हवा खोलीत ढकलतो आणि खोलीतला दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांवर जातो. म्हणजे नागपूरच्या नाण्यांचा पावसाळा कूलर लावल्या दिवशी सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. पुण्या-मुंबईच्या संग्राहकांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते याचमुळे.

पहिलं काम : डबा कूलरच्या खोलीतून हलवा. जिथे कूलर लागत नाही ती कोठीची खोली, आतल्या भिंतीजवळचं लोखंडी कपाट, मधला कप्पा. बाहेरच्या भिंतीला, न्हाणीघराच्या भिंतीला किंवा वरच्या माळ्यावर नको. माळा उन्हाळ्यात भट्टी होतो. प्लायवूड आणि एमडीएफच्या नव्या कपाटातून आम्लधर्मी वाफा सुटतात, त्यापेक्षा रंगवलेलं लोखंडी कपाट बरं.

दुसरं काम म्हणजे इथल्या उन्हाचा फायदा उचला. मे महिन्यातल्या दुपारी, कूलर नसलेल्या खोलीत डबा उघडा, होल्डर दोन-तीन तास मोकळे राहू द्या आणि तिथेच झाकण घट्ट लावा. नाण्यांवर थेट ऊन नको, कोरडी हवा पुरे. ४४ अंशांची, १५ टक्के दमटपणाची हवा डब्यात बंद झाली आणि पुढे २८ अंशांपर्यंत उतरली, तरी आतला दमटपणा पस्तीस टक्क्यांच्या आसपासच राहतो. पन्नासच्या खाली असला की नाणी सुखात. डिसेंबर-जानेवारीची कोरडी दुपारही चालते. एकदा बंद केलेला डबा जुलै-ऑगस्टमध्ये पाहुण्यांना दाखवायला उघडू नका, सगळी मेहनत पाण्यात जाते.

सिलिका जेल किती घालायचं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. डब्यातल्या हवेत पाणी नगण्य असतं, खरा साठा पुठ्ठ्यात असतो. पाचशे होल्डरचा पुठ्ठा पाऊण किलोच्या आसपास भरतो आणि दमट दिवसांत तो तीसेक ग्रॅम पाणी सहज धरतो. तेवढं ओढून आतली हवा कोरडी ठेवायला दीडशे-दोनशे ग्रॅम जेल हवं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पुड्या त्यासाठी निरुपयोगी, त्या घरी येईपर्यंतच भरलेल्या असतात. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या, सुती पुरचुंडीत बांधा. निळ्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं, लहान मुलांच्या घरात ते टाळलेलं बरं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर पातळ पसरून दोन तास ठेवा. त्याहून जास्त तापवलं तर रंगाचं द्रव्य जळतं आणि जेल भरलं की रिकामं ते कळत नाही. जेवणाची भांडी यासाठी वापरू नका.

डांबरगोळ्या आणि कापूर डब्यात नको. त्या कपड्यांसाठी आहेत. त्यांची वाफ नाण्यांवर आणि फिल्मवर बसते, काही प्लास्टिक त्यानं मऊही पडतं.

प्रश्न : लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये लाल मखमलीच्या बटव्यात ठेवतो, तरी काळे पडतात. – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : बटव्याच्या कापडातलं आणि रंगातलं गंधक चांदीला काळं करतं. बटव्याला रबरबँड असेल तर आणखी लवकर, कारण रबरातही गंधक असतं. पूजेसाठी एक-दोन रुपये वेगळे काढा आणि हळद-कुंकू, पाणी जे व्हायचं ते त्यांच्यावरच होऊ द्या. बाकीचे होल्डरमध्ये घालून बंद डब्यात ठेवा. एकसारखा आलेला राखाडी-काळा रंग घासून काढू नका, तो पुढच्या काळवंडण्यापासून चांदीला थोडं जपतो. १९४०पासूनच्या, निम्मीच चांदी असलेल्या रुपयांना जरा जास्त जपा. त्यांत तांबंही आहे, ते हिरवं होऊ शकतं.

प्रश्न : नाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तर? – एक वाचक, सदर

उत्तर : चोरीपासून बरं, दमटपणापासून नाही. लॉकरखोल्या पुष्कळदा तळघरात असतात. वरचंच सगळं करून बंद डबा लॉकरमध्ये ठेवा आणि जेलचा रंग वर्षातून दोनदा बघा. अर्थात पंचवीस-पन्नास पैशांच्या संग्रहासाठी लॉकरचं भाडं भरण्यात अर्थ दिसत नाही. लॉकर चांदीपुरता ठेवा.

प्रश्न : काटोलजवळच्या शेतात नांगरताना तांब्याची जुनी नाणी निघाली. त्यांवर फिकट हिरवी पूड आहे. इतर नाण्यांबरोबर ठेवली तर चालेल का जी? – एक वाचक, काटोल

उत्तर : नाही. आणि ठेवण्याच्या आधी एक काम आहे. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ते आधी करा, लेखी करा, पोच घ्या. शेत स्वतःचं असलं तरी कळवावं लागतंच.

तोवर नाणी धुऊ नका, माती खरवडू नका. फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड ही बहुधा जमिनीतल्या क्षारांची करणी आहे. तांब्यात शिरलेलं क्लोराइड दमट हवा मिळाली की पुन्हा पुन्हा धातू खात राहतं. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर वेगळा, त्याची चिंता नाही. पूड असलेलं प्रत्येक नाणं वेगळ्या झिपच्या पिशवीत घाला, सगळ्या पिशव्या छोट्या घट्ट डब्यात भरपूर सिलिका जेलबरोबर ठेवा. दमटपणा चाळीसच्या खाली राहिला की ही खाज थांबते. पिशवीवर शेताचा गट क्रमांक, तारीख आणि किती खोलीवर सापडलं ते लिहा. नाणी कुठल्या काळातली हे ठरवायला ही नोंद उपयोगी पडते, आणि नांगर पुन्हा फिरला की ती मिळत नाही.